विश्लेषण : फोनवरचे गाणे तारेविना टीव्हीवर पोहोचते कसे? आणि ‘गिगाहर्ट्झ’मधले हर्ट्झ कोण होते?

टीव्हीवर गाणे लावायला आता तार लागत नाही. फोनवर गाणे निवडायचे, वरच्या कोपऱ्यातील कास्टच्या चिन्हावर बोट ठेवायचे, यादीतून आपल्या टीव्हीचे नाव निवडायचे की दिवाणखान्यात गाणे सुरू होते. जोडणी अडखळली तर मात्र आपण वायफायच्या सेटिंगमध्ये शिरतो आणि तिथे दोन आकडे दिसतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. कोणता निवडायचा, एवढाच प्रश्न आपल्याला पडतो. पण यातील हर्ट्झ हे एका माणसाचे आडनाव आहे. हाइनरिख हर्ट्झ हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी गेले. ज्या लहरींवर बसून आपले गाणे टीव्हीपर्यंत जाते, त्या लहरी प्रयोगशाळेत प्रथम निर्माण करून, पकडून आणि मोजून त्यांनी दाखवल्या. आणि या लहरींचा व्यवहारात काही उपयोग होईल, असे खुद्द त्यांना वाटले नव्हते.

गाणे टीव्हीवर नेमके जाते कसे?

याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला कास्टिंगचा. यात फोन गाणे पाठवतच नाही. कोणते गाणे वाजवायचे, एवढा निरोप तो वायफायवरून टीव्हीला देतो आणि टीव्ही ते गाणे थेट इंटरनेटवरून ओढून घेतो. म्हणूनच कास्ट केल्यावर फोनचा पडदा बंद केला तरी गाणे थांबत नाही. दुसरा मार्ग स्क्रीन मिररिंगचा. यात फोनच्या पडद्यावरचे सगळे, आवाजासह, सतत टीव्हीकडे धाडले जाते. त्यामुळे बॅटरी जास्त खर्च होते आणि मध्येच कुणाचा संदेश आला तर तोही टीव्हीवर झळकतो. तिसरा मार्ग ब्लूटूथचा. त्यातून फक्त आवाज जातो आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. मात्र प्रत्येक टीव्ही फोनकडून येणारा आवाज ब्लूटूथवर स्वीकारतोच असे नाही. काही टीव्ही ब्लूटूथचा वापर केवळ हेडफोनला आवाज देण्यासाठी करतात.

मार्ग कोणताही असो, हवेतून जाते ती विद्युतचुंबकीय लहर. २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २४० कोटी कंपने. ५ गिगाहर्ट्झ म्हणजे ५०० कोटी. आकाशवाणीच्या जुन्या श्रोत्यांना हे मोजमाप नवे नाही. पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झवर लागते, म्हणजे सेकंदाला ७ लाख ९२ हजार कंपने. त्या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर. या दोन आकड्यांचा गुणाकार केला की सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर, म्हणजे प्रकाशाचा वेग येतो. कंपने वाढली की लहर आखूड होते. वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम साडेबारा सेंटीमीटर लांब असते, तर ५ गिगाहर्ट्झची सुमारे सहा सेंटीमीटर. हा हिशेब प्रत्यक्ष प्रयोगाने खरा करून दाखवला तो हर्ट्झ यांनी.

हर्ट्झ घडले कसे?

हाइनरिख हर्ट्झ यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी जर्मनीतील हॅम्बुर्ग या बंदराच्या शहरात झाला. वडील वकील होते, पुढे ते शहराच्या सिनेटचे सदस्य झाले. घर खाऊनपिऊन सुखी. शाळेत भाषांची गोडी अशी, की मुलगा अरबीही शिकला. पण त्याचे हातही तितकेच चालत. लाकूडकामाची आणि लेथची हत्यारे त्याने लहानपणीच हाताळली. स्वतःचे उपकरण स्वतः बनवायची ही सवय पुढे आयुष्यभर उपयोगी पडली.

सुरुवातीला हर्ट्झ यांनी वाट धरली होती अभियांत्रिकीची. फ्रँकफुर्टमध्ये बांधकामाच्या कामाचा अनुभव घेतला, ड्रेस्डेनमध्ये शिक्षण सुरू केले, मध्ये एक वर्ष लष्करी सेवेत गेले. १८७७ मध्ये ते म्यूनिकला पोहोचले तेव्हा मन दुसरीकडे वळले होते. अभियंता झाल्यास पोटापाण्याची शाश्वती होती. निसर्गाचे नियम शोधण्याच्या कामात ती नव्हती. विशीतल्या मुलाने वडिलांना पत्र लिहून विज्ञानाकडे वळण्याची परवानगी मागितली. वडिलांनी ती दिली.

पुढच्याच वर्षी ते बर्लिनला हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांच्याकडे गेले. हेल्महोल्ट्झ हे त्या काळातील जर्मन विज्ञानातले सर्वात मोठे नाव. त्यांनी या विद्यार्थ्याचा वकूब ओळखला. विजेच्या एका स्पर्धा-प्रश्नावर हर्ट्झ यांनी १८७९ मध्ये विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळवले आणि १८८० मध्ये, वयाच्या २३व्या वर्षी, डॉक्टरेट मिळवली.

हातातला प्रश्न त्यांनी का नाकारला?

त्या वेळी युरोपात एक मोठा वाद सुरू होता. स्कॉटलंडचे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६०च्या दशकात गणिताने मांडले होते, की वीज आणि चुंबकत्व यांचे बदल लहरींच्या रूपाने अवकाशात पसरतात, त्यांचा वेग प्रकाशाइतकाच असतो आणि प्रकाश हीदेखील अशीच एक लहर आहे. गणित सुंदर होते, पण पुरावा नव्हता. अशी लहर कुणी प्रयोगशाळेत निर्माण केली नव्हती. जर्मनीतील अनेक शास्त्रज्ञांचा कल वेगळ्या सिद्धांतांकडे होता. १८७९ मध्ये मॅक्सवेल वारले, तेही केवळ ४८ वर्षांचे असताना.

त्याच वर्षी बर्लिनच्या अकादमीने या वादाशी निगडित प्रश्नावर पारितोषिक जाहीर केले. हेल्महोल्ट्झ यांनी ते काम हर्ट्झ यांना सुचवले. हर्ट्झ यांनी हिशेब करून पाहिला. हाताशी असलेल्या साधनांनी जो परिणाम मिळेल तो मोजता येण्याच्या जेमतेम काठावर असेल, असे त्यांना दिसले आणि त्यांनी नकार दिला. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. विजेची पुरेशी जलद आंदोलने निर्माण करण्याची युक्ती सापडल्याशिवाय हे काम होणार नाही, हे त्यांनी मनाशी पक्के केले. ती युक्ती सापडायला पुढे सात वर्षे गेली.

कार्ल्सरूहमध्ये काय घडले?

बर्लिननंतर कील येथे काही काळ शिकवून १८८५ मध्ये हर्ट्झ कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यालयात प्राध्यापक झाले. १८८६ मध्ये तिथल्याच एका सहकाऱ्याची कन्या एलिझाबेथ डोल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत विद्यार्थ्यांना दाखवायच्या उपकरणांमध्ये त्यांना तारेच्या चपट्या वेटोळ्यांची एक जोडी मिळाली. एका वेटोळ्यातून विजेचा छोटासा साठा रिकामा केला की शेजारच्या, न जोडलेल्या वेटोळ्यातही ठिणगी उडत होती. दुसऱ्या कुणी हे पाहून पुढचा तास घेतला असता. हर्ट्झ थबकले. इतक्या लहान साठ्यातून इतका जोरदार परिणाम होतो, याचा अर्थ इथे विजेची आंदोलने अतिशय जलद होत असणार. सात वर्षांपूर्वी हवी असलेली युक्ती हीच होती.

त्यांनी पाठवणारे यंत्र बनवले. तांब्याच्या दोन सरळ तारा, त्यांच्या टोकांना जस्ताचे मोठे गोळे आणि मध्ये बारीक फट. फटीत उच्च दाबाच्या विजेने ठिणगी पाडली की तारेत वीज वेगाने मागेपुढे धावू लागे. पकडणारे यंत्र त्याहून साधे होते. तारेचे एक कडे, त्यालाही एक फट. दोघांमध्ये कोणतीही जोडणी नाही. दूर ठेवलेल्या कड्याच्या फटीत ठिणगी दिसली, तर हवेतून काहीतरी पोहोचले. ही ठिणगी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढीही असू शके. ती पाहायला खोलीत पूर्ण अंधार करावा लागे आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत वाट पाहावी लागे. आजच्या भाषेत सांगायचे, तर पहिले यंत्र म्हणजे राउटर आणि दुसरे म्हणजे टीव्ही.

ठिणगी नीट दिसावी म्हणून त्यांनी पकडणाऱ्या यंत्राभोवती एक काळी पेटी बसवली, तेव्हा ठिणगी उलट आखूड झाली. हा त्रास बाजूला सारण्याऐवजी त्यांनी काही महिने त्याच्याच मागे लावले. पहिल्या ठिणगीतून निघणारा अतिनील प्रकाश दुसऱ्या ठिणगीला मदत करतो, असे त्यातून निघाले. १८८७ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि पुन्हा लहरींकडे वळले. हाच प्रकाशविद्युत परिणाम. त्याचे स्पष्टीकरण १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी दिले आणि पुढे त्यांच्या नोबेलमध्ये त्याच कामाचा उल्लेख झाला.

ही लहरच आहे, हे ठरवले कसे?

ठिणगी दूरवर उडते, एवढ्याने लहर सिद्ध होत नाही. हर्ट्झ यांनी १८८८ मध्ये व्याख्यानाचा हॉल रिकामा केला आणि त्यातील गॅसची झुंबरेही उतरवली. एका भिंतीवर जस्ताचा मोठा पत्रा बसवला. पत्र्यावर आपटून परत येणारी लहर जाणाऱ्या लहरीत मिसळली की काही ठिकाणी दोन्ही एकमेकींना बळ देतात, तर काही ठिकाणी एकमेकींना पुसून टाकतात. कडे हातात घेऊन ते हॉलभर फिरले. ठरावीक अंतरावर ठिणगी जोरात, पुन्हा ठरावीक अंतरावर नाहीशी. या जागांमधले अंतर मोजले की लहरीची लांबी हाती येते. लांबी मिळाली, कंपनांचा हिशेब आधीच केलेला होता, त्यातून मर्यादित वेग मिळाला. मॅक्सवेल यांच्या गणितातली लहर प्रत्यक्ष हॉलमध्ये उभी होती.

मग त्यांनी प्रकाशाचे सगळे खेळ या न दिसणाऱ्या लहरींकडून करवून घेतले. जस्ताच्या पत्र्याचे दोन मीटर उंचीचे वक्र आरसे बनवून लहरींचा झोत तयार केला. सुमारे ६०० किलो वजनाचा डांबरासारख्या कठीण राळेचा लोलक ओतून घेतला आणि त्यातून झोत वळवून दाखवला. या प्रयोगांतील लहर सुमारे ६६ सेंटीमीटर लांबीची होती, म्हणजे सेकंदाला साधारण ४५ कोटी कंपने. आपल्या वायफायची लहर तिच्यापेक्षा पाचपट आखूड. नात्याने अगदी जवळची.

घरातल्या टीव्हीला हे प्रयोग काय शिकवतात?

हर्ट्झ यांनी १८८८च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत आजच्या घरातील बहुतेक तक्रारींची कारणे सापडतात.

लाकडी दार बंद केले तरी पलीकडच्या खोलीत ठिणगी उडत होती. म्हणून राउटर दिवाणखान्यात आणि टीव्ही झोपायच्या खोलीत असला तरी गाणे वाजते. मात्र मध्ये धातूचा पत्रा आला की लहर अडते आणि परत फिरते. म्हणून राउटर लोखंडी कपाटात किंवा टीव्हीच्या मागे दडवून ठेवू नये. उंचावर, मोकळ्या जागी ठेवावा.

समांतर तारांची जाळी एका दिशेने धरली तर लहर अडत होती आणि तीच जाळी काटकोनात फिरवली तर आरपार जात होती. लहरीला दिशा असते, हे त्यातून दिसले. राउटरचे अँटेना वळवल्यावर कधी कधी फरक पडतो, त्यामागचे एक कारण हेच.

हॉलमध्ये जशा मुक्या जागा सापडल्या, तशा त्या घरातही असतात. भिंतींवरून परतलेल्या लहरी एखाद्या ठिकाणी एकमेकींना पुसतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची निम्मी लांबी सहा सेंटीमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे राउटर वीतभर सरकवल्यावरही जोडणी सुधारू शकते.

गर्दीचा प्रश्न मात्र हर्ट्झ यांच्या वेळी नव्हता. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन सगळेच दाटीवाटीने असतात. राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत असतील तर ५ गिगाहर्ट्झ सहसा बरे. मध्ये भिंती असतील तर २.४ची पोच अधिक. फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर आहेत ना, हे मात्र सर्वात आधी पाहावे. कास्टच्या यादीत टीव्हीचे नाव न दिसण्याचे ते नेहमीचे कारण असते.

शोधाचा उपयोग नाही, असे त्यांना का वाटले?

आज ही गोष्ट गमतीने सांगितली जाते, पण हर्ट्झ यांचा हिशेब चुकलेला नव्हता. १८८९ मध्ये एका अभियंत्याने त्यांना पत्र लिहून विचारले, की या लहरींनी टेलिफोनचा आवाज पाठवता येईल का? हर्ट्झ यांनी उत्तर दिले, ते नकाराचे. माणसाच्या बोलण्यातली कंपने सेकंदाला साधारण हजाराच्या घरातली. तेवढ्याच कंपनांची विद्युत लहर काढली, तर ती ३०० किलोमीटर लांब होईल. तिचा झोत करायला लागणारा आरसा खंडाएवढा असावा लागेल. गणिताने हे अगदी बरोबर आहे.

सुटलेली गोष्ट वेगळीच होती. आवाजाला स्वतःची लहर काढायला लावायची गरजच नाही. जलद लहरीच्या पाठीवर आवाजाचे चढउतार लादले की काम होते. पण त्यासाठी अखंड वाहणारी लहर हवी आणि हर्ट्झ यांच्या ठिणगीची लहर क्षणात विझत असे. रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी १९०० मध्ये माणसाचा आवाज अशा प्रकारे लादून बिनतारी पाठवून दाखवला. पुढचे रेडिओ त्याच तत्त्वावर चालले. आज वायफाय आणि ब्लूटूथमध्ये आवाजाऐवजी शून्य आणि एक यांची मालिका लादली जाते, पण पाठीवर बसवण्याची कल्पना तीच आहे.

अखेरची वर्षे कशी गेली?

प्रयोगांनी हर्ट्झ यांचे नाव युरोपभर झाले. बर्लिनमधूनही बोलावणे होते, पण त्यांनी १८८९ मध्ये बॉन विद्यापीठ निवडले. त्या वेळी ते ३२ वर्षांचे होते. १८९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना रमफर्ड पदक दिले. मॅक्सवेल यांची समीकरणे त्यांनी सुटसुटीत रूपात मांडली. थोरली मुलगी जोहाना कार्ल्सरूहला जन्मली होती, धाकटी माथिल्डे १८९१ मध्ये झाली.

१८९२ मध्ये दुखणे सुरू झाले. नाकाचा, जबड्याचा संसर्ग आणि असह्य डोकेदुखी. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, आराम पडला नाही. रक्तवाहिन्यांना सूज आणणारा एक दुर्मीळ आजार त्यांना असावा, असे आज मानले जाते. तेव्हा त्यावर उपाय नव्हता. दुखण्यातही ते शिकवत राहिले आणि यांत्रिकीच्या मूळ तत्त्वांवरील ग्रंथ लिहीत राहिले. १ जानेवारी १८९४ रोजी बॉनमध्ये त्यांचे निधन झाले. हॅम्बुर्गच्या ओल्सडॉर्फ दफनभूमीत त्यांचे दफन झाले. ग्रंथ त्याच वर्षी निघाला. त्याची प्रस्तावना लिहिली ती गुरू हेल्महोल्ट्झ यांनी आणि काही महिन्यांत तेही गेले.

त्यांच्यानंतर लहरी कुणी पुढे नेल्या?

जून १८९४ मध्ये ऑलिव्हर लॉज यांनी लंडनमध्ये हर्ट्झ यांच्या कामावर स्मृतिव्याख्यान दिले. ते छापून जगभर गेले. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते जगदीशचंद्र बोस यांच्या वाचनात आले. बोस यांनी हर्ट्झ यांच्या अवजड आरशांच्या जागी टेबलावर मावणारी उपकरणे बनवली आणि लहर चक्क पाच मिलिमीटरपर्यंत आखूड केली. ही कंपने ६० गिगाहर्ट्झच्या आसपासची. आज खूप वेगवान, पण एकाच खोलीपुरत्या बिनतारी जोडणीसाठी हाच पट्टा वापरला जातो. १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये बोस यांनी या लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखवली. इटलीत गुग्लिएल्मो मार्कोनी या विशीतल्या तरुणाने हर्ट्झ यांच्या निधनानंतरचा लेख वाचून प्रयोग सुरू केले आणि १८९६ मध्ये ब्रिटनमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. उपयोग नाही असे ज्याला वाटले होते, त्यातून दोनच वर्षांत उद्योग उभा राहू लागला.

नाव टिकले कसे?

हर्ट्झ यांचे घराणे वडिलांच्या बाजूने मूळचे ज्यू. कुटुंबाने ख्रिस्ती धर्म फार पूर्वीच स्वीकारला होता. नाझींना तेवढे कारण पुरले. हॅम्बुर्गच्या नगरभवनातील त्यांचे चित्र उतरवले गेले. धाकटी मुलगी माथिल्डे प्राण्यांच्या वर्तनाची नावाजलेली अभ्यासक होती. तिला बर्लिनमधले काम गमवावे लागले. १९३०च्या दशकात एलिझाबेथ आणि दोन्ही मुली जर्मनी सोडून इंग्लंडला गेल्या. जोहाना यांनी वडिलांची पत्रे आणि रोजनिशी आधीच, १९२७ मध्ये, ग्रंथरूपाने जपून ठेवली होती. हर्ट्झ यांच्या आयुष्याची बरीचशी माहिती जगाला त्यातूनच मिळते.

१९६० मध्ये आंतरराष्ट्रीय मापन परिषदेने सेकंदाला एक कंपन या मापाला हर्ट्झ हे नाव अधिकृत केले. त्याआधी सेकंदाला इतकी आवर्तने, असे लांबलचक लिहावे लागे. भिंतीवरचे चित्र काढता आले, पण हे नाव आता प्रत्येक रेडिओवर, राउटरवर आणि फोनमध्ये आहे. सेटिंगमधल्या २.४ आणि ५ या दोन आकड्यांपुढे ते रोज कोट्यवधी लोकांच्या नजरेखालून जाते.